तसाही आउटच

लू पळाला नाही. एवढंच झालं. चेंडू बॅटच्या खालच्या कडेला लागला आणि जमिनीवरून सरपटत सरळ समोरच्या संघातल्या एका पोराकडे गेला. बेसबॉलमध्ये असा चेंडू गेला की समोरचा तो उचलणार, पहिल्या बेसकडे फेकणार, आपल्याआधी चेंडू तिथे पोचणार आणि आपण आउट होणार, हे बॅट हातात धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी पळायचं असतं. शाळेतल्या मुलांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. लूने बॅट टाकली, जेवणानंतर माणूस अंगणात टाकतो तशी दोन-चार पावलं टाकली आणि मान खाली घालून आपल्या बाकाकडे वळला. आणि नेमका त्या पोराच्या हातून चेंडू सुटला. गुडघ्यावर आपटून उडाला, पोरगा त्याच्यामागे वाकला, त्याच्याच पायाने तो पुढे ढकलला गेला, पुन्हा वाकला. सगळा वेळ पहिला बेस रिकामा पडून होता, नुकती खोळ बदललेल्या उशीसारखा. लू पळाला असता तर तिथे पोचून, धाप घेऊन, टोपी सारखी करून उभा राहिला असता. गलका ऐकून तो वळला तेव्हा पोराला चेंडू सापडला होता. आउट. स्टँडमधून पहिल्यांदा आलं ते हसू. लोक चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले, आणि शेजारच्या खुर्चीवर डाव्या हाताने शेंगा फोडत बसलेला माझा नवरा एमेट म्हणाला, "जाऊ दे गं. तसाही आउटच होता."

तो सहज म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. शेंगेचं टरफल त्याच्या मांडीवर पडलं आणि तिथेच राहिलं, कारण झटकायला उजवा हात लागतो. मी ते झटकलं. ऑगस्टची दुपार होती, सरोवरावरून वारा नव्हता, आणि दरवर्षी येतात तशी चिलटं आली होती, ढगांनी. चावत नाहीत, नुसती बसतात. पांढऱ्या शर्टांवर, पेल्यांच्या कडांवर, लोकांच्या भुवयांवर. त्यांना हाकलायचा कंटाळा इतका आलेला की आख्खा स्टँड चिलटं अंगावर घेऊन स्वस्थ बसला होता. मला वाटलं, आपण सगळेच असे झालो आहोत. काही बसलं तर बसू द्यायचं. तसाही आउटच. 'तसाही' हा शब्द आमच्या घरात कधी आला ते मी आठवत राहिले. ऑक्टोबरात एमेटला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा राहिली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तो दवाखान्यातून घरी आला होता आणि टर्की मीच कापली, तेव्हा तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी मी कापीन. म्हणजे तेव्हा तो शब्द नव्हता. नाताळात नव्हता. वसंतात कधीतरी, बर्फ वितळून अंगणात गेल्या वर्षीची पानं उघडी पडतात ना, तेव्हा मी दुकानातून घरी आले आणि व्यायामाचा लाल रबरी चेंडू फ्रिजखाली सापडला. म्हटलं, अरे, हा इथे काय करतोय? तो म्हणाला, "राहू दे. तसाही काही उपयोग नाही." तेव्हा मी झाडूने तो बाहेर काढला, धुतला आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. आठवड्याने तो पुन्हा फ्रिजखाली होता.

दर मंगळवारी आम्ही व्यायामवाल्या बाईंकडे जातो. नोरीन तिचं नाव, आमच्या मुलीच्या वयाची, उत्साहाचा झरा. ती एमेटला बारला धरून चालवते, त्याच्या उजव्या हातात एक यंत्र देऊन म्हणते, दाबा, मिस्टर एमेट, माझा राग आलाय असं समजून दाबा. यंत्राचा काटा हलतो की नाही असा हलतो. मग ती माझ्याकडे वळून विचारते, "घरी करतात ना?" आणि मी म्हणते, "करतो हो. रोज." बायका असंच म्हणतात. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर मीही दिवसभर हेच ऐकते, माझे मिस्टर चष्मा रोज लावतात हो, आणि त्यांच्या मिस्टरांच्या नाकावर चष्म्याचा वळ नसतो. नोरीन मागच्या खेपेला दाराशी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, पुढच्या मंगळवारी विम्यासाठी मोजमाप आहे. मिस्टर एमेट पुढे सरकताना दिसले तर विमावाले पैसे देत राहतील. नाही दिसले तर थांबवतील. आणि थांबवलं की मग, ती म्हणाली आणि तिने बोलणं पुरं केलं नाही. मला ते पुरं करता येत होतं. मग कायमची चाकांची खुर्ची. मग मी दुकान सोडणार. मग आम्ही दोघं आणि रेडिओ.

तर तो मंगळवार दोन दिवसांवर होता आणि आम्ही रविवारचा सामना बघत बसलो होतो. आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. सरोवराकाठचं गाव म्हणून कुणीतरी हौसेने ठेवलेलं. यंदा उभेही तसेच राहतात, एका पायावर, डोळे अर्धे मिटून. फरक इतकाच की बगळ्याला शेवटी मासा मिळतो. हरण्याचं मला काही वाटत नाही. आमच्या पोर्ट हॅलममध्ये जन्मलेल्या माणसाला हरायची सवय असते. काचेचा कारखाना गेला, दोन शाळा गेल्या, मासेसुद्धा काही वर्षं गेले होते. पण पूर्वी हेरन्स हरायचे ते मळलेल्या कपड्यांनी हरायचे. यंदा त्यांच्या विजारी सामना संपल्यावरही धोब्याकडून आणल्यासारख्या असतात. उंच उडालेला चेंडू दोघांच्या मध्ये पडतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात, दाराची घंटा वाजल्यावर नवरा-बायको बघतात तसे, तू ऊठ, नाही तू ऊठ. फेकणारा फेकतो आणि चेंडू कुठे गेला ते बघत नाही. मी दर रविवारी चिडते आणि दर रविवारी येते. एमेट चिडत नाही. पूर्वी तो इतका चिडायचा की एकदा स्वतःचीच टोपी चावली होती. त्या टोपीवर दातांची खूण राहिली होती आणि आम्ही ती पाहुण्यांना दाखवायचो.

आणि या सगळ्यांत लू. लूथर पेटिग्रू. तो आला त्या वर्षी कुत्रं मागे लागल्यासारखा पळायचा. साधा चेंडू मारून असा पळायचा की समोरचे घाबरून चुका करायचे. तेव्हा तो मैदानात आला की आख्खा स्टँड "लूऽऽऽ" म्हणायचा, लांब, घुमणारं, बोगद्यातून गाडी यावी तसं. एमेटची बहीण केंटकीहून आली होती, तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि मला म्हणाली, "काय गं ही तुमची माणसं! इतक्या चांगल्या पोराला हुर्यो करतात?" ती घरी जाईपर्यंत एमेट तिला चिडवत होता. बाहेरच्यांची ही चूक नेहमीचीच. इथे हुर्यो करायला 'बू' म्हणतात; बू आणि लू यांच्यात फरक फक्त ओठ मिटण्याचा, आणि तोही मैदानापर्यंत जाईतो गळून पडतो. यंदा मात्र ती चूक उरलेली नाही. ज्यांचं प्रेम आहे ते लू म्हणतात, ज्यांचा संताप झालाय ते बू म्हणतात, आणि दोन्ही मिळून तोच जुना घुमणारा आवाज होतो. लू टोपीला हात लावून तो स्वीकारतो. तो काय ऐकतो कुणास ठाऊक. कदाचित त्यालाही विचारायची भीती वाटत असेल.

मी आयुष्यात कधी कुणाला बू केलं नव्हतं. आमच्या आपाने करू दिलं नाही. हंगेरीतून आलेली माणसं आम्ही, वडिलांना आपा म्हणतो. एका सुरात ओरडणाऱ्या माणसांची आपाला भीती वाटायची. तिकडे त्याच्या तरुणपणी चौकात लोक एका सुरात ओरडले होते आणि त्यानंतर रणगाडे आले होते. इथे मैदानात लोक ओरडायला लागले की तो माझा हात धरून बसायचा. त्याचे हात काचेच्या भट्टीच्या धगीने राठ झालेले, मनगटावर केस नाहीत तशी तळव्यावर रेषाही नाही असे. तो म्हणायचा, "आपल्याच माणसाला हुर्यो कशाला करायचा? त्यासाठी समोरचे आलेत ना लांबून." आणि मग शेंगांची पुडी पुढे करायचा. मला तेव्हा तो भित्रा वाटायचा.

एमेट तसाही आउटच म्हणाला आणि शेंगेचा दाणा तोंडात टाकून चावायला लागला. लू बाकाकडे चालला होता. लोकांचं हसून झालं होतं आणि तो आवाज सुरू झाला होता, लांब, दोन्ही अर्थांचा. माझे ओठ मिटले. मला कळलं की ते मिटलेत, आता उघडतील, आणि उघडल्यावर काय येईल तेही कळलं. "बूऽऽऽ" मी म्हणाले. पोटातून आलं ते. चांगलं मोठं आलं. माझा आवाज इतका जाड आहे हे मला माहीत नव्हतं. लूच्या पाठीकडे बघत होते मी, पण ती पाठ नुसती समोर होती एवढंच. भिंतीकडे बघून माणूस बोलतो तशी मी तिच्याकडे बघत होते. श्वास संपला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं आणि एक चिलट तोंडात गेलं होतं.

एमेटने माझ्याकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनी त्याचा अर्धा चेहरा हसला. "अरे वा," तो म्हणाला. "मी म्हटलं तुला आता लूचा वैताग आला असेल. म्हण, म्हण. बिचाऱ्याला बरं वाटेल." आणि त्याने स्वतःही बारीक आवाजात लूऽऽ केलं. मी चिलट गिळलं. तिथेच राहिलं असतं सगळं. पण आमच्या मागच्या खुर्चीवर वेंडेल बसतो, निवृत्त बसड्रायव्हर, आरशातून मागच्या बाकावरची पोरं काय करतात ते बघण्यात ज्याचा जन्म गेला. तो पुढे वाकून म्हणाला, "इर्मा, ओठ बघितले हं मी तुझे. ते लू नव्हतं."

"गप्प बसा, वेंडेल."

"मी काय वाईट म्हटलं? मीही बूच म्हणत होतो. चांगली संगत मिळाली."

एमेट माझ्याकडे बघत राहिला. "बू म्हटलंस?"

"हो."

"लूला?"

मी पर्स उघडली, बंद केली.

"त्याचा पाय दुखत असेल," एमेट म्हणाला.

"मग सांगावं ना. दुखतोय म्हणावं आणि बाहेर बसावं. नुसतं आपलं चालत काय राहायचं, बागेत आल्यासारखं? लोक बघतायत. लोक त्याच्यासाठी येतात. लोकांनी काय काय सोडून यायचं आणि याने दोन पावलं टाकायची नाहीत?"

"तो आउटच झाला असता, इर्मा."

"चेंडू सुटला होता! तू बघितलंस ना, सुटला होता चेंडू! दरवेळी नाही सुटत. एखाद्या वेळी सुटतो, आणि तेव्हा तुम्ही तिथे लागता!"

आजूबाजूच्या दोघा-चौघांनी वळून बघितलं. डाव्या हाताने एमेटने आपला उजवा हात मांडीवरून उचलून दुसरीकडे ठेवला, पिशवी हलवावी तसा. मग मैदानाकडे बघत म्हणाला, "हे तू लूला बोलत नाहीयेस." मी म्हटलं, "चल. घरी जाऊ."

आमची जायची एक रीत आहे. सामना संपतो, लोक जातात, सरोवरावरचे पक्षी खाली उतरून पाव नि टरफलं टिपायला लागतात, मग वेंडेल मागून आणि मी बाजूने असं एमेटला पायऱ्यांवरून वर नेतो. वर त्याची चाकांची खुर्ची ठेवलेली असते. त्या दिवशी सामना बाकी होता, आम्ही कितीतरी मागे होतो, आणि मी उठले. वेंडेल सवयीने उठायला लागला. मी म्हटलं, "बसा तुम्ही." आणि एकटीच पायऱ्या चढायला लागले. असं मी का केलं ते तेव्हा मला कळत नव्हतं. मला फक्त पाठ वळवायची होती. मागे एमेटने कठडा धरल्याचा आवाज आला, त्याच्या अंगठीचा लोखंडावर. मग बुटाचा. डावा पाय वर, मग उजवा फरफटत, टोक पायरीला अडकून, सुटून. मी वर जाऊन उभी राहिले आणि वळून बघितलं नाही. हॉट डॉगवाल्याकडची मोहरीची पाटी वाचत राहिले.

"ओ काका, खाली बसा! दिसत नाही!" कुणीतरी ओरडलं.

"बघण्यासारखं काय आहे?" हा एमेटचा आवाज. लोक हसले, पण हे वेगळं हसू होतं. वेंडेल खालून ओरडला, "लूपेक्षा बरा पळतोस रे!" आणि एमेटने धापा टाकत उत्तर दिलं, "त्याला पळायचा पगार मिळतो! मला कोण देतंय?" पुन्हा हसू. मग अंगठीचा आवाज थांबला. मी वाट बघितली. मोहरीची पाटी पुन्हा वाचली. वळले तेव्हा तो मधल्याच पायरीवर बसला होता, कठड्याला डोकं टेकून, पाठीवर शर्ट चिकटलेला, शर्टावर चिलटं. मी खाली उतरले आणि त्याच्या वरच्या पायरीवर बसले. त्याच्या टोपीखालून मानेवर घाम ओघळत होता. न्हाव्याकडे जायला हवं, असं मनात आलं.

"मी करत होतो," तो म्हणाला. मला वाटलं आत्ताच्या चढण्याबद्दल बोलतोय.

"व्यायाम. फेब्रुवारीत. तू दुकानात गेलीस की. चेंडू दाबायचो, मागच्या दाराची पायरी चढायचो. दुपारभर. म्हटलं, एक दिवस तू येशील आणि मी दार उघडीन. उजव्या हाताने." तो हसला बहुतेक, मला पाठच दिसत होती. "घाम यायचा, तो तू यायच्या आत पुसायचो. एक बोट हललं नाही, इर्मा. आपलं बोटच नव्हे ते. कुणाचं तरी इथे राहून गेलंय असं वाटायचं."

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? जीव तोडून केलं आणि झालं नाही, हे?" खाली कुणीतरी चेंडू उंच मारला, लोक अर्धे उठले, बसले. "न करता झालं नाही तर ठीक आहे. माणूस म्हणू शकतो, केलं असतं तर झालं असतं. पळालो असतो तर पोचलो असतो. तेवढं तरी आपल्याकडे राहतं. पळूनही आउट झालं, की मग काहीच राहत नाही."

त्याच्या मानेवरचं एक चिलट मी उचललं. ते मेलेलंच होतं. नोरीनला दर मंगळवारी मी सांगायची, करतो हो रोज, आणि आतून शरमायची. आणि फेब्रुवारीचे सगळे मंगळवार ते खरं होतं. खोटं बोलतेय असं समजून मी खरं सांगत होते, आणि हा शेजारी बसून मला खरं सांगताना ऐकत होता आणि मला ते खोटं वाटतंय हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं एका घरात राहून एवढंसुद्धा दिसत नाही. लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवते मी. मैदानातला माणूस थकलाय की मेलाय आतून, पळवत नाही की पळायचं नाही, हे इतक्या लांबून कसं कळणार? आणि लांबून म्हणजे तरी किती, एक पायरी. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "वेंडेलला बोलावू?" तो म्हणाला, "बोलाव."

मंगळवारी एमेटने निळा शर्ट घालायला मागितला. नोरीनकडे तो बारला धरून उभा राहिला आणि ती म्हणाली, खिडकीपर्यंत, मिस्टर एमेट, आणि बार सोडायचा प्रयत्न. तो पळाला असं म्हणायला हवं. जबडा आवळलेला, कानशिलावरची शीर फुगलेली, डावा पाय पुढे आणि उजवा त्याच्यामागून ओढत, जसं काही कुणाला तरी दलदलीतून बाहेर काढतोय. निम्म्यावर त्याने बार पकडला. पुन्हा सोडला. पुन्हा पकडला. खिडकी आली नाही. मग हातातलं यंत्र. "दाबा," नोरीन म्हणाली आणि या खेपेला तिने गंमत केली नाही. त्याचा सगळा चेहरा दाबत होता, डावा हातसुद्धा आपोआप मिटला होता, आणि काटा जिथे असतो तिथेच होता. मी खिडकीबाहेर बघायला हवं होतं. बघितलं नाही. म्हटलं, निदान मी बघेन.

नोरीन आमच्यासमोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, शरीर काही काळ सुधारतं, मग एका पातळीला येऊन थांबतं. "आम्ही त्याला पठार म्हणतो."

"पठार?" एमेट म्हणाला. त्याला अजून धाप होती. "पोरी, हे ओहायो आहे. इथे सगळंच सपाट."

नोरीन हसली. हसता हसता तिने चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसायला लागली, नको इतका वेळ. चष्म्याची डावी काडी लटपटत होती. मी म्हटलं, आण इकडे. पर्समध्ये माझा बारीक पेचकस असतोच. मी स्क्रू आवळत होते आणि ती सांगत होती की विमा आता पैसे देणार नाही, की तिला फार वाईट वाटतं, की घरी मात्र सोडू नका, कधीकधी उशिरानेही होतं. कधीकधी म्हणजे किती वेळा ते मी विचारलं नाही. चष्मा परत दिला. तिने लावला आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान बसला." जाताना एमेट तिला म्हणाला, "तुझा दोष नाही. तू चेंडू चांगला फेकत होतीस." तिला ते कळलं नाही.

पुढचे दिवस घरात कामापुरतं बोललो. मीठ दे, खिडकी लाव, तुझ्या बहिणीचा फोन. हेरन्स तीन सामने हरले, ते मला दुकानात गिऱ्हाइकांकडून कळलं, कारण मी रेडिओ लावायला गेले तेव्हा एमेट "नको" म्हणाला होता. त्याच्या आवाजावरून मी काही ओळखायचा प्रयत्न करायची आणि काही ओळखू यायचं नाही. रात्री तो पाठ करून झोपायचा आणि मी ती पाठ बघत पडायची. मनात यायचं, त्या पायरीवर बसून, आपल्याकडे एवढंसं उरलंय असं जे तो म्हणाला होता, केलं असतं तर झालं असतं, तेही त्याने मंगळवारी खर्चून टाकलं. निळा शर्ट घालून. आणि का, तर मी ओरडले म्हणून. आपा भित्रा नव्हता, असंही मनात यायचं.

मग एका दुपारी दुकानातली वीज गेली. मालकीणबाई म्हणाल्या, अंधारात चष्मे काय विकायचे, घरी जा. मी वाटेत आइस्क्रीम घेतलं, पीचचं, आणि नेहमीपेक्षा बरीच लवकर घरापाशी आले. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढता काढता स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला एमेट दिसला. उभा होता. ओट्याला टेकून नव्हे, ओट्यापासून सुटा. तो मागच्या दाराच्या पायरीकडे तोंड करून होता आणि उजवा पाय उचलायचा प्रयत्न करत होता. पाय उचलला गेला असं मला वाटलं, मग नाही वाटलं. त्याचा तोल गेला, त्याने ओटा पकडला, खुर्चीत धपकन बसला. खिडकीतून नुसती टोपी दिसत होती. टोपी बराच वेळ हलली नाही. मग ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तो पुन्हा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आशा वगैरे काही नव्हती. तो चिडलेला होता. तोंड हलत होतं. शिव्या देत असणार, पायाला, पायरीला, मला, विम्याला, कुणाला कळणार. पहिल्यांदा मनात आलं की धावत आत जावं. हात गाडीच्या दारावर होता. आत गेले असते तर तो बसला असता. म्हणाला असता, काही नाही गं. आणि मी काहीतरी छान बोलले असते आणि ते त्याला त्या पायरीवर चढताना कायम ऐकू आलं असतं.

मी खाली सरकले. आपल्याच घरापुढे, आपल्याच गाडीत, चोरासारखी. तो खुर्चीत तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पडला ते मी मोजलं नाही. पाय पायरीवर गेला की नाही तेही मी बघितलं नाही, कारण तेवढ्यात मी गाडी सुरू करून हळूच मागे घेतली होती. समोरच्या मिसेस डार्बीने झारीने पाणी घालता घालता हात केला. मीही केला. पाण्याच्या टाकीवरून, बंद शाळेवरून, सरोवराच्या कडेने गेले आणि माझ्या नेहमीच्या वेळेला परत आले. दाराशी किल्ल्या मुद्दाम खुळखुळवल्या, एक खाली पाडली, मोठ्याने "अगं बाई" म्हटलं.

तो खुर्चीत होता. शर्टाची पाठ ओली होती, आणि कपाळ घाईघाईने पुसलेलं, एका भुवईवर थेंब राहून गेलेला.

"काय केलंस दिवसभर?" मी विचारलं.

"काही नाही. बसलो होतो."

"बरं," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता पिशवी ओट्यावर ठेवली. आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. ते दोन पेल्यांत ओतलं. एक त्याच्या हातात दिला, डाव्या. तो पेल्यात बघत म्हणाला, "हे काय?"

"पीचचं आहे," मी म्हटलं. "पी."